बाई जेवत होत्या

मनू दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मीनाक्षीबाईंच्या हातात तिसरा घास होता.

शिक्षकांच्या खोलीत त्या एकट्याच होत्या. बाकीचे खाली मुलांना खिचडी वाढण्यात गुंतले होते. कपाटाला पाठ टेकवून, स्टुलावर डबा मांडून त्या जेवत होत्या. नाचणीची भाकरी, दुधीची भाजी, वर तुळशीचं पान. चातुर्मासात मीनाक्षी धुरीबाई मौन धरून जेवतात, हे डिलाईल रोडच्या त्या म्युनिसिपल शाळेतल्या पहिलीच्या पोरालासुद्धा ठाऊक होतं.

मनूच्या कडेवर तिची दीड वर्षांची बहीण होती. मनूनं गणवेश घातला नव्हता. एका फ्रॉकवर दुसरा फ्रॉक घातला होता आणि धाकटीलाही एवढ्या उकाड्यात दोन झबली आणि लोकरीची टोपी. बाईंनी ते पाहिलं. पाहिलं आणि डावा हात वर केला. थांब.

मनूनं मान हलवली. ती थांबली.

बाहेरून चौथीची दोन-तीन पोरं धावत, ओरडत आली. मनूनं वळून ओठांवर बोट ठेवलं. "गप रे! बाई जेवतात."

बाईंना हसू आलं. ते त्यांनी घासाबरोबर आत घेतलं. रस्त्यावर कुठल्यातरी ट्रकनं हॉर्न दिला, मग पुन्हा दिला, लांबलचक. मनूनं बहिणीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. काही बोलायला म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती वाकली, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला, धाकटीचा हात धरून तिच्याकडूनही तसंच करून घेतलं आणि दारातून बाजूला झाली.

बाळाला वर्गात सतरंजीवर ठेवून येईल, असं बाईंना वाटलं. अर्धी भाकरी उरली होती. पानातलं टाकायचं नाही. त्यांनी ती संपवली, पाणी प्यायल्या, हात धुतले आणि "अन्नदाता सुखी भव" म्हणून मौन सोडलं.

"काय गं मनू? बोल आता."

दारात दौलत उभा होता. शाळेचा शिपाई. बाईंपेक्षा वर्षा-दोन वर्षांनी लहान, पण तोंडानं मोठा.

"तुमची राखणदारीण गेली की, बाई."

"कुठं गेली?"

"खाली गेटवर आई उभी होती तिची. डोक्यावर बोचकं, हातात घमेलं, घमेल्यात तवा नि पातेली. मी म्हटलं, काय गं, लग्नाला चाललात काय? तर पोरगी म्हणते, मामा, येते मी."

मीनाक्षीबाईंच्या कमरेला कपाटाची किल्ली असे. ती काढून त्यांनी कपाट उघडलं. खालच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत चार कार्डं होती. जाड कागदाची, फोटो चिकटवलेली, हेडसरांची सही-शिक्का असलेली. वरचंच मनूचं होतं.

ही शिक्षण हमी कार्डं स्थलांतरित मुलांसाठी असतात. मूल कितवीत आहे, त्याला काय काय येतं, ते त्यावर लिहिलेलं असतं. आईबापांनी दुसऱ्या गावी ते दाखवलं की तिथली शाळा मुलाला त्याच वर्गात बसवून घेते. खरं तर कार्ड पालकांच्याच हाती असायला हवं. पण दोन वर्षांपूर्वी एका पोराचं कार्ड पत्र्याच्या खोलीत चूल पेटवताना जळून गेलं होतं, आणि तेव्हापासून बाईंनी रीत पाडली होती. कार्डं माझ्या कपाटात राहतील. जायचं कळलं की त्या दिवशी धावत यायचं, मी कुठंही असेन, काहीही करत असेन, आणि आपलं कार्ड घेऊन जायचं. प्रत्येक मुलाकडून त्यांनी हे तीन-तीनदा वदवून घेतलं होतं.

मनू सांगितल्याप्रमाणे आली होती.

दोन जिने उतरून, सत्तावन्न वर्षांच्या गुडघ्यांनी जमेल तेवढं धावत बाई मनूचे आईबाप काम करत त्या बांधकामाच्या जागी पोचल्या. जुन्या चाळी पाडून तिथं दोन टॉवर उभे राहत होते. गेटवर बुधाजी वॉचमन खुर्चीत बसला होता. मालवणकडचा, बाईंच्या माहेरच्या गावाच्या शेजारचा.

"बुधाजी, गुलबर्ग्याची माणसं?"

"गेली मां. आत्ताच. ट्रक इलो, सगळ्यांका भरल्यान नि गेलो. धा मिन्टां झाली नसती."

"कुठं नेलं?"

"माका कोण सांगता, बाय? मुकादमाक ठावक. वरळी वरळी असा कायतरी बोलत होतो." त्यानं बाईंकडे नीट पाहिलं. "बसा आधी. पानी देव?"

बाई बसल्या नाहीत. पत्र्याच्या खोल्यांपर्यंत गेल्या. मनूच्या खोलीत चुलीचे तीन दगड होते, अजून कोमट. भिंतीच्या पत्र्यावर खडूनं सातचा पाढा लिहिलेला होता. सात नव्वे त्रेसष्ट बरोबर होतं. सात आठे मात्र चोपन्न लिहिलं होतं.

कार्ड हातात धरून त्या तिथं किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

गेल्या वर्षीच्या जुलैत शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी त्या इथंच आल्या होत्या. मनू वाळूच्या ढिगामागे बसली होती. वहीवाली बाई बघताच तिनं तान्ह्या बहिणीवर गोणपाट टाकलं आणि स्वतः पुढं आली.

"इथं पोरं नाय," तिनं सांगितलं. "मुकादम बोललाय, कोण विचारलं तर पोरं नाय बोलायचं."

"बरं. मग तू कोण?"

"मी पोर नाय. मी सांभाळणारी."

नऊ वर्षांची होती. गोणपाटाखालून बाळ शिंकलं, तेव्हा ती इतक्या गंभीरपणे म्हणाली, "ते मांजर आहे," की बाईंनी वहीत तोंड लपवलं.

तिला वयाप्रमाणे चौथीत घातलं. अक्षरओळख नव्हती. बाळाला घेतल्याशिवाय आई सोडेना, आणि बालवाडीत तर एवढं लहान मूल घेत नाहीत. हेडसर, राजरत्न सर, चष्म्यावरून बघत म्हणाले, "धुरीबाई, ही शाळा आहे का पाळणाघर?"

"सर, शाळाच. पण एकीला घ्यायचं तर दुसरीला घ्यावं लागतं. सव्वा वर्षानं मी निवृत्त होतेय, तोवर चालवून घ्या."

"तुम्ही निवृत्त झाल्यावर माझ्या डोक्यावर बसेल ती."

पण खिडकीखाली सतरंजी टाकायला त्यांनीच दौलतला सांगितलं. दिवाळीपर्यंत मनू जोडाक्षरं वाचू लागली. उन्हाळ्याआधी गोष्टीचं पुस्तक धाकटीला वाचून दाखवू लागली, आणि धाकटी पान चाटायला लागली की तिच्या पाठीत धपाटा घालून पुढं वाचत राही. यंदा पाचवीत आली. परेडला सगळ्यात मागं उभी राहायची, कारण बाळ रडलं तर पटकन बाहेर पडता यावं.

याच वर्षी, आषाढी होऊन चातुर्मास लागला, तेव्हा तिनं विचारलं होतं, "बाई, तुम्ही जेवताना मुक्या का होता?"

"देवाला शब्द दिलाय म्हणून." हेरंब, बाईंचा मुलगा, लहानपणी काविळीनं आजारी होता तेव्हा बोललेला नेम होता तो. हेरंब आता बंगळुरात होता, धडधाकट. नेम एकवीस वर्षं चालला होता.

"आणि मधेच बोलला तर?"

"तर पानावरून उठायचं. त्या दिवशी पुन्हा अन्न घ्यायचं नाही."

"म्हणजे उपाशी?" मनूचे डोळे विस्फारले. उपाशी म्हणजे काय, ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या दिवसापासून डब्याच्या वेळी ती दाराशी उभी राहू लागली. धावणाऱ्या पोरांना दटावू लागली. बाईंना त्याचं फार कौतुक वाटलं होतं. शाळेतल्या अनुजा मॅडमना त्यांनी दोनदा सांगितलंही होतं की बघा, कुठली कोण पोर, पण दिलेल्या शब्दाची किंमत कळते तिला.

त्या संध्याकाळी देवापुढं दिवा लावून मीनाक्षीबाई बसल्या. स्तोत्र पाठ होतं, ओठ आपोआप हलत होते. मध्येच ते थांबले. नेम मोडला असता तर काय झालं असतं? अर्धी भाकरी राहिली असती. रात्री उपाशी निजले असते. सकाळी तुळशीला पाणी घालून चहा घेतला असता. एवढंच. एकवीस वर्षांत एकदाही मोडला नाही, हे मी देवासाठी जपत होते का माझ्यासाठी? देवानं तर दारात उभं राहून तोंड उघडलं होतं, आणि मी त्याला हात दाखवला.

त्यांनी समई शांत केली नाही. तेल संपेपर्यंत बसून राहिल्या. उठताना मात्र मनाशी ठरलं होतं. कार्ड मनूच्या हाती पडेपर्यंत दुपारचं जेवण नाही.

दुसऱ्या दिवसापासून डबा आला नाही. दौलतनं चार दिवस पाहिलं आणि विचारलं, "काय हो, सुनेनं स्वैंपाक सोडला का?"

"सून बंगळुरात आहे, दौलत. पित्त झालंय मला."

"चार-चार दिवस?" तो म्हणाला, पण रोज दोन वाजता न सांगता चहाचा कप आणून ठेवू लागला.

रविवारी त्या वरळीला गेल्या. तिथं तीन जागी बांधकामं होती. पहिल्या जागी बिहारची माणसं, दुसऱ्या जागी ओडिशाची. तिसऱ्या जागच्या सुपरवायझरनं मनूचा फोटो पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, अशा छप्पन्न पोरी येतात-जातात. मुकादमाला फोन लावा ना." मुकादमाचा फोन लागत नव्हता. पुढच्या रविवारी त्या पुन्हा गेल्या. पितृपक्ष सुरू झाला होता. समुद्रावरच्या वाऱ्यात छत्री उलटी होत होती आणि पदराखाली कार्डाची पिशवी छातीशी धरलेली होती.

राजरत्न सर म्हणाले, "बाई, कागद नसला तरी शाळेनं मुलाला घ्यायलाच पाहिजे. कायदा आहे. एवढा जीव काढू नका."

"कायदा तुम्हाला माहीत, मला माहीत. तिच्या बापाला माहीत आहे का, सर?"

अनुजा मॅडम तेवढ्यात म्हणाली, "मी आपल्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकते ना. फोटो द्या." अनुजा सव्वीस वर्षांची, नुकतीच लागलेली. तिनं खटाखटा टाइप केलं: मनू रघु राठोड, पाचवी, सोबत लहान बहीण, कुणाकडे आली असल्यास कळवा.

नवरात्राच्या तिसऱ्या माळेला उत्तर आलं. माझगावच्या एका शाळेतल्या मॅडमचं. असे एक वडील मुलीला घेऊन आले होते, पंधरा-वीस दिवसांपूर्वी. मुलगी म्हणत होती, मी पाचवीत आहे. मग पुन्हा आले नाहीत.

मीनाक्षीबाईंनी फोन लावला.

"आम्ही नाही म्हटलं नाही हो," पलीकडची मॅडम म्हणाली. "फक्त म्हटलं, जुन्या शाळेचं काही असेल तर घेऊन या, म्हणजे वर्ग ठरवता येतो. मुलगी वाचून दाखवते म्हणत होती. पण तेव्हा दाखल्यांची गडबड होती, बाई. तुम्हाला माहीत आहे आपलं कसं असतं."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. कुठं राहतात तेवढं त्यांनी विचारून घेतलं.

त्याच दिवशी अर्धी रजा टाकून त्या निघाल्या. माझगावात एका जुन्या गोदामाच्या जागी इमारत चढत होती. गोदीकडून येणाऱ्या ट्रकांची धूळ आणि सिमेंटची धूळ, दोन्ही एकत्र. बायकांची रांग घमेली घेऊन फळीवरून वर जात होती. रांगेतून एक बाई बाजूला झाली. डोक्यावरचं घमेलं तिनं तसंच दुसरीच्या डोक्यावर दिलं आणि हात पुसत आली.

"बाई? तुम्ही इथं?"

शांता, मनूची आई. पालक म्हणून शाळेत ती दोनदाच आली होती आणि दोन्ही वेळा बाकावर बसली नव्हती.

"शांता, मनू कुठं आहे? तिचं कार्ड आणलंय. आत्ताच्या आत्ता शाळेत नेते मी तिला. माझं बोलणं झालंय."

शांतानं पदरानं तोंड पुसलं. पुसून झाल्यावरही पदर तोंडाशीच राहिला.

"मनू नाय, बाई. मनू हैदराबादला."

"हैदराबादला? कुणाकडे?"

"मुकादमाच्या बहिणीकडे. तिला बाळ झालं. सांभाळायला पोरगी पाहिजे होती. मुकादम कधीपासून मागत होता. तिचा बाप नाय बोलायचा, बोलायचा, पोरगी शाळेत आहे. इथं आल्यावर शाळेत घेऊन गेला. ते बोलले कागद आणा. दुसऱ्या दिवशी परत गेला, तर बोलले साहेब नाय, सोमवारी या. मुकादम चिडला, रोज रोज खाडा करतो म्हणून. मग हा बोलला, शाळा नाय तर काय करेल इथं, धूळ खाईल. तिकडं घर आहे, जेवायला मिळेल." ती थांबली. "दसऱ्याला नवीन कपडे पण देणार आहेत."

"कधी गेली?"

"बुधवारी. आज पाच दिवस झाले."

पाच दिवस. बाईंनी जवळच्या विटांच्या थप्पीला हात टेकवला. कुठंतरी मिक्सर फिरत होता, त्याचा घरघराट कानात भरला.

"शांता, त्या दिवशी... ती आली होती. दारात उभी होती. मी..."

"बोलली ना मनू," शांता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच बाईंना सोसवेना. "ट्रकवाला शिव्या घालत होता. मी खालून बोलले, हाक मार ना तुझ्या बाईला, कागद घे नि ये. ती खाली आली तशीच. बोलली, नको आई, बाई जेवतात. बोलल्या तर उपाशी राहतील."

मीनाक्षीबाईंनी पिशवीतून वही काढली. मुकादमाचं नाव, त्याच्या बहिणीचं नाव, हैदराबादेतला काय असेल तो पत्ता त्या विचारू लागल्या. बालकल्याण समितीकडे अर्ज करायचा, सरांना बरोबर घ्यायचं, डोक्यात भराभर ठरत होतं. शांताला बहिणीचं नाव ठाऊक नव्हतं. पत्ता नव्हता. "मोठी बिल्डिंग आहे बोलतात. लिफ्टवाली," एवढंच तिला माहीत होतं. मुकादमाचं नाव सांगताना तिनं मागं वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझं नाव नका सांगू, बाई. तो आम्हाला काढील."

"नाही सांगणार. तिच्या बापाला रात्री विचारून ठेव. मी उद्या येते. परवाही येईन."

"या," शांता म्हणाली.

बाईंनी कार्ड तिच्या हातात दिलं. मागच्या बाजूला स्वतःचा फोन नंबर लिहिला होता, मोठ्या आकड्यांत. शांतानं आधी दोन्ही हात साडीला पुसले, मग उलटसुलट करून पुन्हा पुसले आणि कार्ड कडांना धरलं. लिहिलेलं तिला वाचता येत नव्हतं. ती फोटो बघत राहिली. शाळेतल्या भिंतीसमोर काढलेला, घट्ट वेणी, न हसलेला चेहरा.

"हिचा एवढाच फोटो आहे," ती म्हणाली. "दुसरा नाय." मग, "हे छोटीला चालेल का पुढं?"

"नाही गं. छोटीला तिचं वेगळं मिळेल. हे मनूचंच आहे. ती आली की तिला दे."

"हां. मनूचंच." शांतानं मान हलवली. वरून कुणीतरी तिच्या नावानं ओरडलं. तिनं कार्ड प्लॅस्टिकमध्ये सरकवलं, पोलक्याच्या आत पोटाशी आडवं बसवलं, वरून पदर खोचला आणि घमेलं उचलून वाळूकडे गेली.

मीनाक्षीबाई फाटकाजवळ उभ्या राहून बघत होत्या. बाकीच्या बायका कमरेत वाकून फावड्यापुढं घमेलं धरत होत्या. शांता वाकत नव्हती. तिची पाळी आली की ती पाठ ताठ ठेवून हळूहळू उकिडवी बसत होती, घमेलं भरून घेत होती आणि तशीच, भिंतीला टेकल्यासारखी सरळ, गुडघ्यांवर जोर देऊन उठत होती.

"काय गं, कंबर धरली काय?" मागची बाई हसून म्हणाली.

कार्डाला घडी पडणार नाही अशा बेतानं शांता फळी चढून गेली.